घरे बांधणारे विद्यार्थी आणि घरात राहणारी माणसे

पालघरच्या इतिहासात १९६९ हे वर्ष तारापूरच्या अणुवीज केंद्राचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला देशातील या पहिल्या अणुवीज केंद्राचे दोन संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्याआधी महिनाभर, २४ सप्टेंबरला, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला होता. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरची स्थापना झाली. या तीन घटनांचा एकमेकींशी वरवर काही संबंध नाही. परंतु तिन्हींच्या मुळाशी असलेले प्रश्न जवळचे आहेत. पुस्तकातली विद्या हाताने कशी शिकावी, परक्या देशाकडून ती कशी घ्यावी, आणि ज्या समाजाच्या अंगणात ती शिकायची त्याचे देणे कसे फेडावे, हे ते प्रश्न होत.

वास्तुकला आणि डिझाइन या विषयांच्या शिक्षणात आज हे तिन्ही प्रश्न एकत्र येऊन उभे राहिले आहेत. कागदावर आराखडे काढून समाधान न पावणारे विद्यार्थी खेड्यापाड्यांत जातात, माती तुडवतात, बांबू बांधतात आणि गावासाठी एखादी शाळा, वाचनालय किंवा घर उभे करतात. अशा प्रकल्पांत देशोदेशींचे विद्यार्थी खांद्याला खांदा लावून काम करताना दिसतात. इंटर्नशिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला मराठीत ‘उमेदवारी’ हा जुना, नेमका शब्द आहे. निवडणुकीच्या राजकारणाने तो पळवून नेण्यापूर्वी उमेदवारी म्हणजे धंदा शिकण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली घालवलेला काळ, असाच त्याचा अर्थ होता. ही उमेदवारी स्तुत्य आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या हिशेबाचा. ती कोणाच्या खर्चाने होते आणि ती संपल्यावर गावात काय उरते, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

कायद्यातील सोळा आठवडे

वास्तुविशारदांचा कायदा १९७२ मध्ये झाला. त्या कायद्याखालील परिषदेने १९८३ मध्ये शिक्षणाचे किमान निकष ठरविले, तेव्हा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुमारे सोळा आठवड्यांचे एक सत्र प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवले. हे काम व्यावसायिक कार्यालयात करावे, अशी अपेक्षा होती. त्यामागचा हेतू रास्तच होता. परंतु व्यवहारात मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत गेलेल्या कित्येक उमेदवारांच्या वाट्याला जिन्यांचे आणि स्नानगृहांचे तपशील संगणकावर रेखाटण्याचेच काम येते. वीट हाताला कशी लागते, ओल भिंतीत कोठून चढते, गवंडी एका दिवसात किती काम उरकतो, हे त्यांना कळत नाही. ज्यांनी कधी पाया खणलेला पाहिला नाही असे पदवीधर इमारतींवर सह्या करू लागतात, ही स्थिती फारशी भूषणावह नाही.

प्रत्यक्ष हाताने बांधण्याच्या शिक्षणाला या पार्श्वभूमीवर महत्त्व आले. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९६७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून खरीखुरी इमारत बांधून घेण्याचा पायंडा पाडला. १९९३ मध्ये अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाने ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. बांगलादेशातील रुद्रपूर या खेड्यात आना हेरिंगर या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी आखलेली मातीची दुमजली शाळा २००५ मध्ये गावकऱ्यांनी, तरुण वास्तुविशारदांनी आणि ऑस्ट्रियातून आलेल्या विद्यार्थ्यांनी मिळून उभी केली. तिला २००७ चा आगाखान पुरस्कार मिळाला. पालघर जिल्ह्यातही हा विचार रुजू लागला आहे. डहाणू तालुक्यातील मुरबाड या गावी (ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे मुरबाड ते वेगळे) ‘डिझाइन जत्रा’ या नावाने काम करणाऱ्या तरुण वास्तुविशारदांनी माती, बांबू आणि कारवी यांच्या स्थानिक बांधकामाचा मागोवा घेत शिक्षणाची वेगळी वाट शोधली आहे.

तारापूरचा धडा

परदेशाकडून हाताने शिकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र या जिल्ह्यात साठ वर्षांपूर्वीच झाला आहे. तारापूरच्या केंद्रासाठी १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला. सगळी उभारणी करून चालते केंद्र हाती द्यावयाचे, असा तो ठेका होता. भारतीय अभियंते त्या काळात एका अर्थाने उमेदवारच होते. पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधन आणि सुटे भाग यांची अडचण निर्माण झाली. तेव्हा केंद्र बंद पडले नाही, कारण तोवर विद्या हातात उतरली होती. त्याच आवारात २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेले प्रत्येकी ५४० मेगावॉटचे तिसरा व चौथा हे संच भारतीय अभियंत्यांच्या आराखड्यांवर उभे राहिले. ठेकेदार निघून गेल्यावर काम अडले नाही, तरच शिक्षण झाले असे म्हणता येते. आंतरराष्ट्रीय सहकार्य जोखण्याची याहून चांगली कसोटी सापडणार नाही.

परंतु तारापूरचा दुसराही धडा आहे. या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. अणुभट्टी बांधण्यात स्वावलंबी झालेल्या देशाला दोन गावांची घरे वादावाचून बांधता आली नाहीत. अणुभट्टीसाठी देशातील उत्तम बुद्धी वर्षानुवर्षे शिकत राहिली, तशी पुनर्वसनाच्या घरांसाठी कोणी उमेदवारी केली नाही. मच्छीमाराच्या घराला जाळी वाळविण्यास किती जागा लागते, शेतकऱ्याला भात कोठे साठवावे लागते, हे शिकण्यासारखे शास्त्र आहे असे कोणाला वाटले नाही.

उमेदवारीचा ताळेबंद

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास या उमेदवारीत तीन खातेदार असतात: विद्यार्थी, त्याची संस्था आणि गाव. विद्यार्थ्याला अनुभव, गुणांक आणि पुढील नोकरीसाठी उपयोगी पडणारी छायाचित्रे मिळतात. संस्थेला नाव मिळते. गावाला मिळते ती एक इमारत. ही इमारत गावाने मागितलेली असतेच असे नाही.

खर्चाची बाजू अधिक बोलकी आहे. पंतप्रधान आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे येण्याजाण्याचे विमानभाडे, प्रकल्पाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च यांची बेरीज सहज त्या रकमेपर्यंत पोहोचू शकते. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांनी येऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. शिक्षणाला खर्च येतोच. परंतु तो सेवेच्या नावाखाली मांडू नये. एका घराइतका खर्च करून आलेला पाहुणा घर बांधण्यास नव्हे तर शिकण्यास आला आहे, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले म्हणजे शिकवणाऱ्याला त्याचा मोबदला देणेही क्रमप्राप्त ठरते.

येथेच खरी गफलत होते. विद्यार्थ्याने आठ दिवस माती तुडवली तर त्याला प्रमाणपत्र मिळते. त्याच्या शेजारी उभी राहून मातीत शेण आणि पेंढा किती मिसळायचा हे दाखविणाऱ्या बाईच्या कामाला ‘श्रमदान’ म्हणतात. एकाचा श्रम ही गुंतवणूक आणि दुसरीचा श्रम हे दान, ही भाषाच विषमतेची आहे. जिच्या घरी संध्याकाळची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते, तिने दान करावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विद्यार्थ्यांमध्येही सारे समान नसतात. बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी पोटापाण्याची विवंचना नाही, त्यालाच परवडते. जव्हार-मोखाड्यातील एखादा मुलगा शिष्यवृत्तीच्या आधारावर वास्तुकलेच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचलाच, तर त्याला सोळा आठवडे विद्यावेतनाशिवाय काढणे अशक्य होते. म्हणजे आपल्याच पाड्याचा अभ्यास करण्याची संधी त्याला नाकारली जाते आणि ती दूरच्या शहरातील सधन मुलाला मिळते. ज्याला कुडाच्या घराचे मर्म जन्मापासून ठाऊक आहे, तोच या शिक्षणातून गळतो.

दिनदर्शिकांचा मेळ

दुसरी अडचण वरवर क्षुल्लक, पण मुळात गंभीर आहे. ती आहे दिनदर्शिकेची. पाश्चात्त्य विद्यापीठांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट या महिन्यांत असते. त्या वेळी पालघर जिल्ह्यात पाऊस कोसळत असतो आणि माणसे भाताच्या लावणीत गुंतलेली असतात. मातीचे काम त्या दिवसांत होऊच शकत नाही. बांधकामाचा काळ दिवाळीनंतर मेअखेरपर्यंतचा. परंतु नेमक्या त्याच काळात जिल्ह्यातील असंख्य आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई, ठाण्याकडे स्थलांतर करतात. पाड्यावर उरतात ती म्हातारी माणसे. विद्यार्थ्यांचे पथक अशा वेळी येते, ‘गावकऱ्यांशी चर्चा’ करते आणि त्या चर्चेत ज्याला घरात राहायचे तोच हजर नसतो. शहरासाठी लाखो विटा पाडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराचा विचार त्याच्या गैरहजेरीत व्हावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

यावर उपाय नाही असे नाही. जे सत्र कायद्यानेच प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवले आहे, त्याचा आरंभ पावसाळ्यात करता येईल. पावसाळा हा घराच्या परीक्षेचा काळ असतो. कोणत्या भिंतीवर झड येते, पागोळ्या कोठे पडतात, ओल कोणत्या कोपऱ्यात साचते, हे पाहण्यास तोच ऋतू हवा. माणसेही तेव्हाच घरी असतात. पावसाळ्यात पाहावे, दिवाळीपूर्वी गावाशी बोलून ठरवावे आणि कोरड्या दिवसांत रोजगार देऊन बांधावे, असा क्रम लावला तर काही कुटुंबांचे तरी स्थलांतर टळेल.

काय बांधावे?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा ओढा शाळा, समाजमंदिर, वाचनालय अशा दर्शनी वास्तूंकडे असतो. त्यांची छायाचित्रे चांगली येतात. पालघरपुढील प्रश्न मात्र साध्या घराचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांपैकी एकाची तीव्रता ४.१ इतकी नोंदली गेली. ऐन थंडीत कुटुंबे घराबाहेर तंबूत झोपू लागली. आपलेच घर आपल्यावर कोसळेल ही भीती किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे महाराष्ट्राला दाखविली होती. तेथे माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली.

पालघरचे जुने वारली घर याच्या अगदी उलट पद्धतीचे आहे. जमिनीत मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीचे कूड बांधायचे आणि शेणमातीने लिंपून घ्यायचे. भिंत हलकी असते आणि छताचा भार मेढी पेलतात. धक्का बसला तर असे घर डुलते, एकदम कोसळत नाही. गोल आकार आणि हलके छत यांमुळे २००१ च्या कच्छ भूकंपात तेथील भुंगेही पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले. याउलट कच्च्या विटांची, आडवे सलोह पट्टे न घालता उभी केलेली ‘पक्की’ भिंत अशा प्रदेशात धोक्याची ठरते. सरकारी अनुदानातील घरकुल चार भिंती आणि पत्रा यांवर भागविले गेले, तर उन्हाळ्यात तापणारे आणि धक्क्यात तडकणारे घर माणसाच्या पदरी पडते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. शहरी माणसाने सिमेंटच्या घरात राहावे आणि आदिवासीला मातीचे महात्म्य सांगावे, हा दांभिकपणा नव्हे काय? आक्षेप बिनतोड आहे. कूड दर वर्षी लिंपावा लागतो आणि ते काम बायकांच्या अंगावर पडते. लाकडाला वाळवी लागते. चांगली कारवी आणि सरळ मेढ आता सहज मिळत नाही. पक्के घर ही केवळ सोय नव्हे, ती प्रतिष्ठाही आहे. ती कोणी हिरावून घेऊ नये. म्हणून विद्यार्थ्यांचे काम गावाला मातीकडे परत नेण्याचे नाही. विटेच्या घराला कोपऱ्यावर आणि खिडकीच्या वर पट्टा कसा घालावा, पत्र्याखाली उष्णता रोखणारा थर कशाचा द्यावा, मातीच्या भिंतीला ओल चढू नये म्हणून जोते कसे बांधावे, आणि यांपैकी प्रत्येकाला किती पैसे पडतात, हे समोर मांडण्याचे ते काम आहे. निवड घरमालकाची असावी. रुद्रपूरच्या शाळेतही मातीला नुसते गोंजारले नव्हते. पक्के जोते आणि ओल रोखणारा थर यांची जोड देऊन तिचे दोष काढले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेने कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी घरकुलाची रक्कम २ लाख रुपये ठरविली. हा पैसा चांगल्या घरात रूपांतरित होतो की नुसत्या भिंतींत, हे अशा साध्या सल्ल्यावरच अवलंबून आहे.

बोईसरचीही उपेक्षा होऊ नये. समाजाची सेवा म्हणजे डोंगरातील पाडा, अशी एक रम्य कल्पना विद्यार्थ्यांच्या मनात असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये काढलेल्या निर्देशांकात ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलेली तारापूर औद्योगिक वसाहत येथेच आहे. तिच्या भोवती परप्रांतीय कामगारांच्या चाळी वाढल्या आहेत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला हवा, पाणी आणि संडास कसे मिळतील, हा डिझाइनचा प्रश्न कोणत्याही परदेशी विद्यापीठाच्या पाठ्यक्रमात शोभेल असा आहे. पण त्याची छायाचित्रे चांगली येत नाहीत.

चित्र गेले, भिंत राहिली

बाहेरच्या कलावंताने या भूमीत यावे आणि काही घडावे, याचे एक उदाहरण जिल्ह्याने पूर्वीच पाहिले आहे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचले. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटले जाणारे चित्र कागदावर उतरले. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर गेले आणि २०११ मध्ये पद्मश्रीचे मानकरी झाले. यात गौरव आहेच. कुलकर्णी यांनी हातात कागद दिला, चित्र शिकविले नाही, हे त्यांचे मोठेपण. परंतु आज वारली चित्र चहाच्या पेल्यापासून विमानतळापर्यंत सर्वत्र दिसते आणि ज्या भिंतीवर ते जन्मले त्या भिंतीचा विचार मागेच राहिला. डिझाइनच्या विद्यार्थ्याने आणखी एखादी वारली नक्षीची पिशवी तयार करण्यापेक्षा त्या भिंतीकडे पाहावे, हे अधिक बरे.

तात्पर्य असे की ही उमेदवारी बंद करण्याची नव्हे, तिला शिस्त लावण्याची गरज आहे. अलाबामाचा स्टुडिओ नावारूपाला आला तो तीस वर्षांहून अधिक काळ एकाच भागात पाय रोवून राहिल्यामुळे. २००५ पासून तेथील विद्यार्थी २० हजार डॉलरांत बसणारे घर पुन्हा पुन्हा आखत आहेत. एका तुकडीची चूक पुढची तुकडी सुधारते. तसेच पालघरातही प्रत्येक महाविद्यालयाने एक तालुका निवडावा आणि किमान दहा वर्षे सोडू नये. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. प्रकल्प आधी ग्रामसभेपुढे जावा आणि वर्षभराने त्याचे मूल्यमापनही ग्रामसभेनेच करावे. शिकविणाऱ्या गवंड्याला, सुताराला, लिंपणाऱ्या बाईला शिक्षकाचा दर्जा आणि मानधन मिळावे. परदेशी पाहुण्याच्या शुल्कातून स्थानिक विद्यार्थ्याचे विद्यावेतन निघावे. आणि प्रत्येक पथकाने निघताना इमारतीबरोबर ती पुन्हा बांधू शकणारी दोन-चार माणसे मागे ठेवावीत.

हे सारे आताच ठरण्यास एक निकडीचे कारण आहे. वाढवण बंदराच्या ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेच्या मार्गावर बोईसरला स्थानक योजले आहे. एवढ्या उलाढालीत अनेकांची घरे नव्याने बांधावी लागतील. अक्करपट्टी-पोफरणची पुनरावृत्ती टाळायची असेल, तर त्या घरांचे शास्त्र शिकलेली माणसे जिल्ह्यातच तयार असावी लागतील.

त्यासाठी आदर्श शोधण्यास फार दूर जावयास नको. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. अंगणात अंगणवाडी भरविली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा काढली, आणि शिंपले, खडे, पाने, बिया यांतून शिक्षणाची साधने घडविली. दोघी बाहेरून आल्या होत्या. पण त्या सोळा आठवड्यांनी परत गेल्या नाहीत.